राहून गेलेला अर्ज आणि नाताळचा सिनेमा

डिसेंबर लागला की घरच्यांबरोबर बसून बघायच्या नाताळच्या सिनेमांच्या याद्या फिरू लागतात. त्यांत 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा १९४६ चा कृष्णधवल अमेरिकी सिनेमा हटकून असतो, तोही वरच्या दोन-तीन नावांत. हे वाचून कुणालाही वाटेल की सिनेमा आला, गाजला आणि तेव्हापासून लोक दर नाताळला तो बघत आले. प्रत्यक्षात तो पडला होता. पुढे तो घराघरांत पोचला, त्याला कारण झाला वेळेवर न भरलेला एक अर्ज.

मूळ कथा फिलिप व्हॅन डोरन स्टर्न या लेखकाची. एकही मासिक ती छापेना, तेव्हा या गृहस्थाने १९४३ च्या नाताळला पदरच्या पैशाने २०० प्रती छापल्या आणि शुभेच्छापत्र म्हणून ओळखीच्यांना धाडल्या. त्यातली एक फिरत फिरत आरकेओ या चित्रसंस्थेपर्यंत गेली. संस्थेने १०,००० डॉलरला हक्क घेतले, कॅरी ग्रँटला डोळ्यांपुढे ठेवून पटकथा लिहवून घेतल्या. काही जमलं नाही. शेवटी ते बाड महायुद्धावरून परतलेल्या दिग्दर्शक फ्रँक कॅप्राच्या हाती आलं. नायक म्हणून त्याने जेम्स स्टुअर्टला घेतलं. तोही बाँबफेकी विमानं चालवून नुकताच घरी आला होता.

जॉर्ज बेली हा छोट्या गावातला तरुण. जग बघायची स्वप्नं गुंडाळून तो वडिलांची पतपेढी चालवतो. तिथले ८,००० डॉलर गहाळ होतात आणि नाताळच्या आदल्या रात्री तो जीव द्यायला पुलावर जातो. मग एक देवदूत त्याला दाखवतो, की तू जन्मलाच नसतास तर या गावाचं काय झालं असतं. नाताळ म्हणावा असा भाग खरं तर शेवटीच येतो. त्याआधी बरंच काही पतपेढीचं आहे, आणि मला त्यातलाच एक प्रसंग सगळ्यात आवडतो. ठेवीदार पैसे काढायला झुंबड करतात. (मराठी माणसाला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही.) जॉर्ज मधुचंद्रासाठी ठेवलेले २,००० डॉलर काउंटरवर मांडतो आणि प्रत्येकाला विनवतो, गरजेपुरतेच न्या. कुणी वीस नेतो. एक बाई संकोचत साडेसतराच मागते आणि जॉर्ज काउंटरवरून वाकून तिच्या गालाचा मुका घेतो. संध्याकाळी तिजोरीत दोन डॉलर उरतात.

चित्रीकरण झालं कॅलिफोर्नियाच्या ऐन उन्हाळ्यात. पुलावरच्या त्या बर्फाळ रात्री स्टुअर्टच्या चेहऱ्यावर जो ओलावा दिसतो, त्यात घाम बराच आहे. त्या काळी पडद्यावरचं बर्फ म्हणजे पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स असत. पायाखाली ते इतके कुरकुरत की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. कॅप्राला तर आवाज जागेवरच घ्यायचे होते. मग आग विझवायच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून पंख्याने उडवायची युक्ती निघाली. पाच ऑस्कर नामांकनांपैकी एकही पदरात पडलं नाही, पण या नकली बर्फासाठी अकादमीने तांत्रिक पुरस्कार दिला.

तो नाताळात लागला हाही योगायोगच. ठरलं होतं १९४७ च्या जानेवारीत लावायचं. पण आरकेओच्या एका रंगीत सिंदबादपटाच्या प्रती वेळेत निघेनात, म्हणून हा पुढे ओढून २० डिसेंबर १९४६ ला न्यू यॉर्कमध्ये लावला. साधारण सव्वापाच लाख डॉलरचा तोटा झाला. वर एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या टिपणात शेरा पडला, की सावकाराला खलनायक करणं ही कम्युनिस्टांची रीत आहे. सिनेमातला तो खलनायक सावकार रंगवणारा लायोनेल बॅरीमोर दरवर्षी नाताळला रेडिओवर डिकन्सचा कंजूस स्क्रूज करायचा, याची आठवण त्या साहेबांना असावी. टिपणातल्या सावकाराच्या वर्णनात स्क्रूजचं नाव आहेच.

आता तो अर्ज. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात कॉपीराइट आधी २८ वर्षांचा असे आणि नूतनीकरण केलं तरच पुढे चाले. कॅप्राची कंपनी लवकरच विकली गेली, मग सिनेमाचे हक्क या हातातून त्या हातात गेले आणि १९७४ मध्ये ज्यांच्याकडे ते होते त्यांनी नूतनीकरणच केलं नाही. दूरचित्रवाणी केंद्रांना फुकटात सिनेमा मिळाला. डिसेंबरात मोठ्या वाहिन्या महागडे खास कार्यक्रम करत. त्यांच्यासमोर छोटी केंद्रं हा लावू लागली, दिवसातून दोन-तीनदासुद्धा. आपल्याकडे एका वाहिनीने 'सूर्यवंशम'चं जे केलं, तेच. फरक इतकाच, की अमेरिकेत लोक विनोद करता करता खरोखर रडू लागले. म्हातारा कॅप्रा चकित झाला. पोरगं राष्ट्राध्यक्ष झालेल्या बापासारखं वाटतंय, असं तो म्हणाला. हाती घेतली तेव्हा ही नाताळची गोष्ट आहे असं त्याला वाटलंही नव्हतं.

फुकटचा मामला १९९३ पर्यंत चालला. त्याआधी १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रिअर विंडो' या सिनेमाच्या खटल्यात म्हटलं होतं, की मूळ कथेवर हक्क शाबूत असेल तर त्यावरच्या सिनेमालाही तो आड येतो. गंमत म्हणजे त्या सिनेमाचा नायकही स्टुअर्टच. स्टर्नच्या कथेचा कॉपीराइट जिवंत होता. तो धरून हक्कधारकांनी सिनेमा परत ताब्यात घेतला आणि १९९४ पासून एनबीसी या एकाच वाहिनीकडे दिला. आता तिथे तो वर्षाला एक-दोनदा लागतो.

यादीतल्या इतरांच्याही अशाच कुंडल्या आहेत. 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट' हा सांताक्लॉजचा सिनेमा १९४७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर लागला, कारण स्टुडिओच्या मते तेव्हा गर्दी जास्त. जाहिरातीत नाताळचं नावही नव्हतं. १९६४ च्या टीव्हीवरच्या 'रुडॉल्फ'मध्ये (सांताच्या लाल नाकाच्या रेनडिअरची गोष्ट) कॉपीराइटचं साल रोमन आकड्यांत लिहिताना एक एम गळला आणि पडद्यावर ११६४ उमटलं!

घरी बघायचा म्हणाल, तर मुलं आठ-नऊची असताना 'मिरॅकल'ने सुरुवात करावी. सांता खरा की खोटा याचा निकाल त्यात कोर्टात लागतो आणि पुरावा म्हणून टपालाची पोती येतात. 'वंडरफुल लाइफ' सव्वादोन तासांच्या आसपासचा, आत्महत्येपर्यंत आलेल्या माणसाचा. तो मुलं जरा मोठी झाल्यावर. संगणकाने रंगवलेली प्रत मात्र नको, ती खुद्द स्टुअर्टलाही मंजूर नव्हती.

मुलांनी १९९० चा 'होम अलोन' बहुतेक पाहिलेलाच असतो. त्यात पॅरिसमध्ये अडकलेलं कुटुंब टीव्हीसमोर बसतं आणि पडद्यावर एक उंच माणूस फ्रेंचमध्ये बोलत असतो. तोच हा जॉर्ज बेली.