मेडिकल कोडिंग: नाव एक, नोकऱ्या दोन

पुण्यात बी.फार्म.चे निकाल लागले की नोकरीच्या ग्रुपवर 'मेडिकल कोडर पाहिजे' अशा जाहिराती फिरायला लागतात. ठिकाण हिंजवडी किंवा खराडी, फार्मसी आणि लाइफ सायन्सचे पदवीधर चालतील, काही महिन्यांनी घरून काम. जाहिरात खोटी नसते. पण 'मेडिकल कोडिंग' या एका नावाखाली दोन वेगळी कामं चालतात, आणि त्यांचा अभ्यास, परीक्षा, पुढची वाट यांत फारसं काही सामाईक नाही. एकात अमेरिकेतल्या रुग्णाची भेट बिलाच्या भाषेत लिहायची असते, म्हणजे विमा कंपनी पैसे देते. दुसऱ्यात औषधाने झालेला त्रास ठरलेल्या शब्दांत नोंदवायचा असतो, म्हणजे औषध नियामकाला धोका दिसतो. पहिल्याला बिलिंगचं कोडिंग म्हणू. दुसरं फार्माकोव्हिजिलन्समधलं, बोलीभाषेत पीव्हीतलं.

क्लासची फी भरल्यावर हा फरक कळला तर फार महागात पडतं. सहा महिने सीपीटीची, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी आणि उपचारांच्या अमेरिकी कोडची पुस्तकं पालथी घालायची आणि मुलाखतीत 'मेडड्राचे पाच स्तर सांगा' हा प्रश्न यायचा, असं होतं. मेडड्रा ही पीव्हीतली त्रासांच्या ठरलेल्या शब्दांची डिक्शनरी.

जाहिरात ओळखायला सोपी खूण आहे. आयसीडी, सीपीटी, एचसीसी, आरसीएम, डिनायल, ई अँड एम, सीपीसी यांपैकी काही दिसलं तर काम बिलिंगचं. मेडड्रा, डब्ल्यूएचओ-ड्रग, आयसीएसआर, केस प्रोसेसिंग, आर्गस, ई२बी दिसलं तर पीव्हीचं. यांतलं काहीच नसेल तर अर्ज करण्याआधी एवढंच विचारा: 'कोडिंग कुठल्या डिक्शनरीत करायचं आहे?' ज्या क्लासला याचं सरळ उत्तर देता येत नाही, तिथे फी भरू नका.

एकच रुग्ण दोन्ही टेबलांवर ठेवून पाहू. ५८ वर्षांची बाई, रक्तदाबासाठी लिसिनोप्रिल १० मिलिग्रॅम. तीन आठवड्यांनी कोरडा खोकला सुरू झाला, तीन महिने गेला नाही. डॉक्टरांनी गोळी बंद करून टेल्मिसार्टन दिली आणि दहा दिवसांत खोकला थांबला. लिसिनोप्रिलसारख्या एसीई इनहिबिटरमुळे शरीरात ब्रॅडिकायनिन साठतं आणि खोकला येतो, हे फार्माकॉलॉजीत सगळ्यांनीच वाचलेलं असतं.

बिलिंगच्या टेबलावर येते ती डॉक्टरांची नोंद: 'लिसिनोप्रिलमुळे क्रॉनिक खोकला, औषध बदललं'. कोडर आयसीडी-१०-सीएममधून, म्हणजे आजारांच्या कोडच्या अमेरिकी यादीतून, तीन कोड काढतो. आधी आर०५.३, म्हणजे क्रॉनिक खोकला. मग टी४६.४एक्स५ए, म्हणजे एसीई इनहिबिटरचा अनिष्ट परिणाम. मग आय१०, म्हणजे रक्तदाब. भेटीसाठी सीपीटीतला ९९२१३ किंवा ९९२१४. यातला कुठला, ते डॉक्टरांच्या निर्णयाची गुंतागुंत किंवा त्या दिवशी दिलेला एकूण वेळ ठरवतो. वेळ धरला तर ९९२१३ ला किमान २० मिनिटं आणि ९९२१४ ला किमान ३० मिनिटं लागतात.

चुका कुठे होतात ते त्या 'टी' कोडमध्ये पाहा. त्याचा सहावा आकडा ५ असेल तर औषध बरोबर दिलं, बरोबर घेतलं, तरी त्रास झाला. अशा वेळी त्रासाचा कोड आधी आणि औषधाचा नंतर. त्याच बाईने चुकून दुप्पट गोळ्या घेतल्या असत्या तर ते पॉयझनिंग. सहावा आकडा १ होतो आणि औषधाचाच कोड पहिला येतो. परवडत नाही म्हणून तिने गोळ्या कमी घेतल्या असत्या तर अंडरडोसिंग: सहावा आकडा ६, जोडीला आर्थिक अडचणीचा झेड९१.१२०, आणि अंडरडोसिंगचा कोड कधीच पहिल्या जागी बसत नाही. औषध तेच, शेवटून दुसरं अक्षर बदललं की अख्ख्या बिलाचा अर्थ बदलतो. ही जागा फार्मासिस्टला इतरांपेक्षा लवकर उमगते. बाकी बिलिंगमध्ये मात्र फार्मसीच्या ज्ञानाला फार वाव नाही. तिथे शरीररचना, शस्त्रक्रियांची नावं आणि मॉडिफायर (कोडला जोडायच्या खुणा) लागतात, आणि सीपीटीतला सगळ्यात मोठा विभाग शस्त्रक्रियेचाच आहे.

पीव्हीच्या टेबलावर हीच बाई येते तेव्हा तिच्या बिलाशी कुणाला देणंघेणं नसतं. आधी चार गोष्टी आहेत का ते बघतात: ओळखता येईल असा रुग्ण, ओळखता येईल असा कळवणारा, संशयित औषध आणि झालेला त्रास. कंपनीच्या कुठल्याही माणसाला या चारही गोष्टी ज्या दिवशी कळल्या तो 'डे झिरो'. केस गंभीर आणि अनपेक्षित असेल तर त्या दिवसापासून १५ दिवसांत अहवाल नियामकाकडे जायला हवा. क्लिनिकल ट्रायलमध्ये मृत्यू किंवा जिवावर बेतण्याजोगी अनपेक्षित प्रतिक्रिया असेल तर पहिली खबर सात दिवसांत. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, शनिवार-रविवारही त्यात मोजले जातात. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हला सोमवारी कळलं आणि त्याने शुक्रवारी मेल केली, तर डे झिरो सोमवारच. नवीन माणसाची पहिली मोठी चूक बहुधा हीच असते. मेल आली ती तारीख तो टाकतो, आणि केस कागदावर वेळेत दिसली तरी प्रत्यक्षात उशिरा गेलेली असते.

नंतर कोडिंग. मेडड्रात पाच स्तर आहेत. 'कोरडा खोकला' हा खालच्या स्तराचा शब्द, म्हणजे एलएलटी. तो 'कफ' म्हणजे खोकला या प्रेफर्ड टर्मखाली येतो आणि तिथून वर चढत श्वसनसंस्थेच्या सिस्टिम ऑर्गन क्लासपर्यंत जातो. असे क्लास २७ आहेत. कोडर एलएलटी निवडतो, वरचे स्तर आपोआप लागतात. औषधांसाठी वेगळी डिक्शनरी, डब्ल्यूएचओ-ड्रग. ती स्वीडनमधलं उप्साला मॉनिटरिंग सेंटर सांभाळतं.

पण पीव्हीत कोडिंग ही अनेक पायऱ्यांपैकी एक आहे, आणि बिलिंगशी असलेला खरा फरक इथेच आहे. त्याच केसमध्ये ती गंभीर आहे का (मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात भरती किंवा मुक्काम लांबणं, अपंगत्व, जन्मजात व्यंग, वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची घटना), औषधाच्या माहितीपत्रकात हा परिणाम आधीच आहे का, औषध थांबवल्यावर काय झालं, हे सगळं भरायचं असतं. आणि शेवटी नॅरेटिव्ह, म्हणजे केसची हकिकत तारखांच्या क्रमाने. आपल्या बाईचा खोकला गंभीर नाही आणि माहितीपत्रकात आहे, त्यामुळे १५ दिवसांची घाई नाही.

त्रास औषधामुळेच झाला का हे जोखणाऱ्या नारान्जो पट्टीवर तिचे गुण मोजून पाहा. आधी असे निर्णायक अहवाल आहेत: १ गुण. औषधानंतर त्रास झाला: २ गुण. औषध थांबवल्यावर बरं वाटलं: १ गुण. खोकल्याचं दुसरं कारण नाही: २ गुण. बेरीज ६, म्हणजे 'प्रोबेबल' (५ ते ८). आता समजा, कळवणाऱ्याने दुसऱ्या कारणाबद्दल काहीच लिहिलं नाही. तिथे शून्य पडतो, बेरीज ४ होते आणि केस 'पॉसिबल'मध्ये घसरते. दमा, सर्दी, छातीचा एक्स-रे यांबद्दलची एक ओळ मिळवण्यासाठी फॉलो-अपचं पत्र पाठवायचं असतं ते यासाठी. हा निकाल लावताना फार्मासिस्टची चार वर्षं कामाला येतात. बी.फार्म. किंवा फार्म.डी. झालेल्याने दोन्ही दारं उघडी असताना आधी पीव्हीचं दार ठोठवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पीव्हीच्या बहुतेक जागा बी.फार्म., एम.फार्म., फार्म.डी. यांच्यासाठी असतात. डी.फार्म.वर तिथे शिरणं अवघड जातं, त्यांना बिलिंग जास्त जवळचं.

दोन्हीकडे एक नियम मात्र सारखा: आपल्या मनाचं घालायचं नाही. छातीत दुखणं, घाम, ईसीजीतले बदल एवढंच लिहिलेलं असेल तर 'हार्ट अटॅक' असा कोड लावायचा नाही, तुमची खात्री कितीही असो. पण संशयाच्या निदानाबाबत वाटा फुटतात, आणि एकातून दुसऱ्यात जाणारा माणूस इथेच अडखळतो. नोंद आहे 'छातीत दुखणं, बहुधा हार्ट अटॅक'. बिलिंगमध्ये बाह्यरुग्ण भेट असेल तर 'बहुधा'चा कोड लागत नाही, फक्त छातीत दुखण्याचा लागतो. पीव्हीत मेडड्राच्या मार्गदर्शिकेनुसार पसंतीचा पर्याय म्हणजे संशयित निदान आणि लक्षण दोन्ही कोड करणं. विम्याच्या दृष्टीने न ठरलेला आजार रुग्णाच्या माथी मारणं चूक. औषधाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने धोक्याची चाहूल गाळणं चूक.

अभ्यासाचं थोडक्यात. बिलिंगसाठी एएपीसी या अमेरिकी संस्थेची सीपीसी परीक्षा चालते: १०० प्रश्न, चार तास, ७० टक्क्यांना उत्तीर्ण. पुस्तकं जवळ ठेवून द्यायची असते, तरी लोक नापास होतात. कारण वेळ. एका प्रश्नाला अडीच मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळतो, त्यामुळे कुठलं पान कुठे आहे हे हाताला माहीत असायला लागतं. अनुभव नसेल तर नावापुढे 'सीपीसी-ए' लागतं, ए म्हणजे अप्रेंटिस. जुनी पुस्तकं स्वस्तात घेऊ नका. आयसीडीचे कोड दर वर्षी १ ऑक्टोबरला आणि सीपीटीचे १ जानेवारीला बदलतात. २०२१च्या ऑक्टोबरपर्यंत खोकल्याला आर०५ हा एकच कोड होता, आता त्याचे सहा आहेत.

पीव्हीत प्रवेशासाठी अशी एक सर्वमान्य परीक्षा नाही. मेडड्राची आवृत्ती दर वर्षी मार्च आणि सप्टेंबरमध्ये निघते, तिची टर्म निवडण्याची मार्गदर्शिका फुकट मिळते आणि ती शब्दन् शब्द वाचलेली असली की मुलाखतीत लगेच दिसतं. 'आर्गसचं हँड्स-ऑन ट्रेनिंग' म्हणून क्लास जे विकतात, त्याला फार किंमत देऊ नका. आर्गस हे केस नोंदवायचं सॉफ्टवेअर आहे, आणि ते नोकरी देणारी कंपनीच शिकवते. त्यापेक्षा दहा-बारा काल्पनिक केसची नॅरेटिव्ह इंग्रजीत लिहून काढा. भूतकाळ, तारखा, मात्रा, आणि ऐकीव माहितीला 'कळवल्यानुसार' असं म्हणण्याची सवय. निवडीच्या लेखी चाचणीत बहुतेक जण यातच मार खातात.

खरा सराव हवा असेल तर तो मेडिकलच्या काउंटरवरच मिळतो. भारताचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. फार्मासिस्टला थेट अहवाल पाठवता येतो, कुणाची परवानगी लागत नाही. फॉर्म भरता येतो किंवा १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवता येतं. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात या कार्यक्रमाचं केंद्र आहे. नाव-पत्ता उघड न करता पाठवलेले चार-पाच अहवाल मुलाखतीत सांगायला असले, तर कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त वजन पडतं.

आता 'घरून स्वतःचा ऑनलाइन व्यवसाय' या आमिषाबद्दल. घरून नोकरी दोन्हीकडे मिळते: कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचं नेटवर्क, आणि आधी काही महिने ऑफिसात. पण एकट्याने फ्रीलान्स बिलिंग कोडिंग जवळपास होत नाही, कारण अमेरिकी रुग्णांची माहिती तिथल्या खासगीपणाच्या कायद्याखाली येते आणि करार व सुरक्षित यंत्रणा असल्याशिवाय कुणी चार्ट हातात देत नाही. 'आधी नोंदणी फी भरा, मग घरी चार्ट येतील' असं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. केस प्रोसेसिंगचंही तेच, सेफ्टी डेटाबेस आणि डिक्शनरीचे परवाने कंपन्यांकडे असतात. मात्र पीव्हीत तीन-चार वर्षं काढलेल्या फार्मासिस्टला एक वाट खुली होते. भारतातल्या औषध कंपन्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक परवानाधारकाकडे फार्माकोव्हिजिलन्स अधिकारी हवा, आणि तो डॉक्टर किंवा प्रशिक्षित फार्मासिस्ट असावा लागतो. नव्या औषधाचे पीएसयूआर, म्हणजे सुरक्षिततेचे ठरावीक मुदतीचे अहवाल पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षं वर्षातून एकदा द्यायचे असतात. लहान कंपन्यांना हे लिहून देणारा माणूस, शिवाय संशोधन नियतकालिकं चाळून त्यातल्या केस शोधून देणारा माणूस लागतो. बिलिंगमधून मोठं होण्याची वाट वेगळी आहे: ऑडिटर, ट्रेनर, टीम लीड.

यांतली कुठलीही नोकरी धरलीत तर एक काम त्याच आठवड्यात करा. तुमचं नाव एखाद्या मेडिकलच्या परवान्यावर फार्मासिस्ट म्हणून असेल तर ते काढून घ्या. औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिली जावीत असा नियम आहे, आणि हिंजवडीत बसून सिंहगड रोडवरच्या दुकानात देखरेख होत नाही. महिन्याला काही हजार मिळतात म्हणून सर्टिफिकेट तिथे टांगलेलं राहतं, आणि तपासणी झाली की दुकानदाराबरोबर तुमचीही नोंदणी अडचणीत येते. दुकान सोडल्याचं पत्र राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला (एफडीए) लेखी द्या, पोच घ्या आणि जपून ठेवा. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी मात्र नोकरी डेस्कवरची असली तरी चालू ठेवा. ती सुटली की काउंटरवर परतताना आधी तीच सुरू करून घ्यावी लागते.