मुरमाच्या रस्त्यावरच्या लाटा आणि ट्रॅक्टरची पेटी

पौडच्या पुढे डांबरी रस्ता सोडला की मामांच्या शेतापर्यंत साडेतीनशे मीटर मुरमाचा रस्ता आहे. मुळशीचा पाऊस तो दरवर्षी धुऊन नेतो, आणि दिवाळीनंतर मामा ट्रॅक्टर घेऊन तो सारखा करतात. गेल्या वर्षी त्यांनी साध्या लेव्हलरऐवजी बॉक्स ब्लेड आणलं. दिवसभर फेऱ्या मारून संध्याकाळी पाहिलं, तर गाडी आधीपेक्षा जास्त उसळायला लागली. "खड्डे गेले रे, पण या लाटा कुठून आल्या?" मामांना वाटलं, आपला हात बसला नाही. खरं तर दोष हाताचा नव्हता, मोजमापांचा होता.

बैलांची केणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे अवजार लगेच कळेल. पुढून आणि खालून उघडी अशी लोखंडी पेटी, मागे पातं, दोन्ही बाजूंना उभे जाड पत्रे आणि पात्याच्या पुढे आडव्या दांड्यावर पिनांनी वरखाली होणारे दाते. साध्या लेव्हलरपुढे जमलेली माती दोन्ही टोकांनी निसटते. पेटीत ती अडून राहते, गुंडाळत पुढे येते आणि खोलगट जागा आली की आपसूक तिच्यात उतरते. म्हणून पेटी कधी रिकामी होऊ न देणं महत्त्वाचं.

आता लाटांचं गणित. मामांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण 2 मीटर अंतर आहे. पातं मागच्या चाकांच्या आसापासून सुमारे 1.2 मीटर मागे लटकतं. पुढची चाकं 10 सेंटीमीटर उंचवट्यावर चढली की सगळा ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती कलतो आणि पातं 6 सेंटीमीटर खाली घुसतं. थोड्या वेळाने त्याच उंचवट्यावर मागची चाकं येतात. आता पातं 10 नव्हे, 16 सेंटीमीटर उचललं जातं. उंचवटा 10 चा, चूक 16 ची! उंचवट्याच्या अलीकडे पातं जास्त खोदतं, पुढे गेल्यावर माती सोडून देतं. पुढच्या फेरीत चाकं या नव्या लाटेवरून जातात आणि तिलाही मोठं करतात.

यात अवजार वरखाली करणाऱ्या हायड्रोलिकच्या लिव्हरचाही वाटा असतो. अवजार तीन टोकांवर (खाली दोन दांडे म्हणजे लिंक, वर मधोमध एक टॉपलिंक) जोडण्याची आजची पद्धत इंजिनियर हॅरी फर्ग्युसन यांची. 1939 च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे ती सर्वदूर पोचली. ती मुळात नांगरासाठी होती. जमीन कठीण लागली की टॉपलिंकवर दाब वाढतो, हायड्रोलिकला तो कळतो आणि नांगर थोडा वर येतो. नांगरटीला हे वरदान आहे. रस्ता तासताना मात्र नेमका कठीण उंचवटा आला की पातं वर उचललं जातं, म्हणजे जे कापायचं तेच शिल्लक राहतं. म्हणून या कामाला दाबाप्रमाणे अवजार हलवणारा ड्राफ्ट कंट्रोल नको, ते ठरवलेल्या उंचीवर धरून ठेवणारा पोझिशन कंट्रोल हवा.

यंदा आम्ही पेटीत बदल केला. फॅब्रिकेशनवाल्याकडून मागे जुन्या जीपची दोन चाकं बसवून घेतली, पात्यापासून अर्धा मीटर मागे, उंची बदलता येईल अशा स्क्रूवर. टॉपलिंकची पिन बसते तिथलं गोल भोक कापून लांबट खाच केली. त्यामुळे पेटी ट्रॅक्टरला घट्ट जखडलेली राहिली नाही. पुढून ती खालच्या दोन लिंकवर टेकते आणि मागून स्वतःच्या चाकांवर. खालच्या लिंकच्या पिना आसापासून 70 सेंटीमीटरवर आहेत, त्यामुळे मागची चाकं 10 सेंटीमीटर चढली की त्या साडेतेरा उचलल्या जातात. पण जीपची चाकं तासलेल्या जमिनीवर असतात आणि पातं बरोबर मध्ये, म्हणून ते पावणेसातच उचललं जातं. दहाच्या जागी 16 आणि दहाच्या जागी पावणेसात, सगळा फरक इथे आहे. पहिल्यात लाट दर फेरीला वाढते, दुसऱ्यात विरत जाते. मला हा हिशेब कागदावर जुळला तेव्हा जितका आनंद झाला, तितकाच तिसऱ्या फेरीनंतर रस्ता पाहून झाला.

चाकं लावली तरी खड्ड्याची युक्ती जुनीच. वरून माती लोटून खड्डा बुजवला तर पंधरा दिवसांत तो उघडा पडतो, कारण खालच्या टणक थराशी नवी माती एकजीव होत नाही. दाते खड्ड्याच्या तळाच्याही थोडे खाली जातील इतके सोडायचे, सगळा पट्टा उकरायचा आणि मग तासायचा. मुरूम म्हणजे झिजलेला बेसॉल्ट. त्यातली बारीक माती ओली असली तरच खडे धरून ठेवते. मूठ वळली की गोळा टिकला पाहिजे, पण तळव्याला पाणी लागता कामा नये. कोरड्यात तासलं तर नुसती धूळ उडते.

वेग माणसाच्या चालीइतकाच. 2007 साली भौतिकशास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या वाळूच्या थरावर चाक चालवून दाखवलं, की ठरावीक वेगाच्या पुढे साध्या चाकाखालीही लाटा आपोआप तयार होतात. त्यामुळे सारख्या केलेल्या रस्त्यावरून दुधाचा टेम्पो भरधाव गेला तर लाटा पुन्हा येणारच.

शेवटी उतार. पाणी थांबलं की मुरूम गेला, म्हणून मध्य उंच आणि कडा खाली हव्यात, मीटरला 4 सेंटीमीटर. आमच्या 1.8 मीटरच्या पेटीचं एक टोक त्यासाठी 7 सेंटीमीटर खाली करावं लागतं. त्याचं हँडल उजवी लिंक उचलणाऱ्या रॉडवर आहे, म्हणून उजवं टोक खाली केलं आणि जाताना, येताना दोन्ही वेळा रस्त्याच्या उजव्या अंगाने ट्रॅक्टर चालवला. डावीकडून चालण्याची आयुष्यभराची सवय असलेल्या मामांना प्रत्येक वळणावर आठवण करून द्यावी लागली. कडेचे चर मात्र पेटीने होत नाहीत. ते आम्ही दोघांनी टिकाव-फावड्याने काढले.