सामान्य माणसासाठी चंद्रप्रवासाचा खर्च

चंद्रप्रवासाचा खर्च म्हणजे सरकारी अंतराळवीर नसलेल्या माणसाला स्वतःच्या पैशाने चंद्रापर्यंत जाऊन सुखरूप परत यायला जी रक्कम लागेल ती. असं तिकीट काढून आजवर कुणीच गेलेलं नाही, त्यामुळे ठरलेला रेट असा नाहीच, जे आकडे ऐकू येतात ते कंपन्यांनी वेळोवेळी सांगितलेले भाव आहेत आणि ते माणशी १० कोटी डॉलरपासून ७५ कोटी डॉलरपर्यंत जातात. एवढा फरक का तर यात दोन वेगळे प्रवास आहेत. एक म्हणजे चंद्राला नुसता वळसा घालून येणं, दुसरा म्हणजे खरोखर खाली उतरून परत वर येणं. लोक या दोन्हींची सर्रास गल्लत करतात, पण दुसरा पहिल्यापेक्षा कित्येक पट महाग आहे.

चंद्र सरासरी ३,८४,४०० किमी लांब आहे, पण पैसा अंतराला लागत नाही, वजनाला लागतो. चंद्रावर हवा नाही म्हणून पॅराशूट चालत नाही, उतरताना वेग कमी करायला इंजिन लावावं लागतं, त्याचं इंधन पृथ्वीवरूनच न्यायचं, परत उडायचं इंधन पण पृथ्वीवरूनच, आणि हे सगळं इंधन वर न्यायला अजून इंधन. डोंगर चढताना उतरतानाचं पाणीसुद्धा पायथ्यापासून पाठीवर वाहून न्यावं तसं हे आहे. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अमेरिकेच्या अपोलो मोहिमांचं सॅटर्न ५ रॉकेट ११० मीटर उंच, उड्डाणाच्या वेळी जवळपास ३,००० टनाचं, आणि त्यातून परत समुद्रात पडायची ती फक्त तीन माणसांची साडेपाच-सहा टनांची कुपी. बाकी सगळं वाटेत टाकून दिलं जायचं. शिवाय चंद्रावरून परत येणारं यान ताशी सुमारे ४०,००० किमी वेगाने वातावरणात घुसतं, अंतराळ स्थानकावरून येणारं ताशी २८,००० च्या आसपास, म्हणजे उष्णतेपासून वाचवणारं कवचही जास्त दणकट लागतं.

वजनाचा हिशोब नीट कळायला मालवाहतुकीचा रेट बघा. अॅस्ट्रोबॉटिक या अमेरिकन कंपनीने चंद्राच्या पृष्ठभागावर सामान पोचवायचा भाव किलोला १२ लाख डॉलर लावला होता. त्या रेटने ७० किलोचा माणूस नुसता सामान म्हणून न्यायचा तरी ८ कोटी ४० लाख डॉलर होतात, आणि यात हवा नाही, पाणी नाही, स्पेससूट नाही, परतीचा प्रवास तर नाहीच. एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, पाणी आणि जेवण वेगळं.

सरकारी मोहिमांचे आकडे तर अजून मोठे आहेत. अपोलो कार्यक्रमावर तेव्हाचे सुमारे २,५८० कोटी डॉलर गेले, आजच्या किमतीत ते २५,००० कोटी डॉलरच्या वर जातात, आणि त्यात चंद्रापर्यंत पोचले २४ जण, चालले १२. आर्टेमिस या नासाच्या नव्या चंद्र कार्यक्रमाच्या पहिल्या चार उड्डाणांसाठी नासाच्याच महानिरीक्षकांनी एका उड्डाणाचा खर्च ४१० कोटी डॉलर धरलाय, यानात चार सीट, म्हणजे एका सीटला १०० कोटींच्या वर, आणि चंद्रावर उतरवणाऱ्या लँडरचा खर्च यात धरलेलाच नाही.

खासगी तिकिटांचा इतिहास मात्र मन खट्टू करणारा आहे. १९६८ पासून पॅन अॅम या विमान कंपनीने चंद्रावरच्या पहिल्या फ्लाइटसाठी नावनोंदणी सुरू केली, ९०,००० च्या वर लोकांनी नावं दिली, कंपनीच १९९१ मध्ये बंद पडली. २००५ मध्ये स्पेस अॅडव्हेंचर्स या अंतराळ पर्यटन कंपनीने रशियाच्या सोयुझ यानातून चंद्राला वळसा घालून आणायचे १० कोटी डॉलर सांगितले, पुढे ते १५ कोटी झाले, उड्डाण काही झालं नाही. २०१२ मध्ये गोल्डन स्पाइक या अमेरिकन कंपनीने थेट चंद्रावर उतरवायचा भाव काढला, दोघांचे मिळून १४०-१५० कोटी डॉलर, तेही कागदावरच राहिलं. २०१८ मध्ये जपानी उद्योजक युसाकू माएझावा यांनी स्पेसएक्स या अमेरिकन रॉकेट कंपनीच्या स्टारशिप या मोठ्या यानातल्या जागा घेतल्या, सोबतच्या आठ जणांना फुकट नेणार होते, निवड पण झाली, पण १ जून २०२४ ला सगळं रद्द झालं. सामान्य माणूस चंद्राच्या सगळ्यात जवळ आला असेल तर तो या आठ जणांच्या रूपात, कारण तिथे पैसे भरायची अट नव्हती, म्हणून ती मोहीम रद्द होणं जास्त लागतं.

काळानुसार स्वस्त होईल असं सगळे धरून चालतात, पण आतापर्यंत तसं झालेलं दिसत नाही. अमेरिकन उद्योजक डेनिस टिटो २००१ मध्ये स्वतःच्या पैशाने अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा सुमारे २ कोटी डॉलर मोजले होते, २०२२ मध्ये अॅक्सिअम या खासगी कंपनीच्या अंतराळ स्थानकावरच्या पहिल्या मोहिमेत सीटचा भाव ५.५ कोटी होता. काही मिनिटं वजनरहित अवस्था देणाऱ्या व्हर्जिन गॅलॅक्टिकचं तिकीट सुरुवातीला २ लाख डॉलर होतं, २०२१ मध्ये साडेचार लाख आणि नंतर ६ लाख झालं. रॉकेट उडवायचा खर्च खरंच कमी झालाय, स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा खालचा टप्पा २०१५ पासून परत येऊन उतरतोय, पण जागा मोजक्या आणि घेणारे अब्जाधीश असले की ती बचत तिकिटापर्यंत येत नाही.

आता आशा आहे ती स्टारशिपवर, कारण ते पूर्णपणे परत वापरता यावं असंच डिझाइन आहे. पण चंद्रावर उतरायचं तर त्याला पृथ्वीच्या कक्षेत थांबून टँकर यानांकडून इंधन भरून घ्यावं लागणार, म्हणजे एका चंद्रफेरीमागे अनेक उड्डाणं, त्यामुळे टँकरची फेरी किती स्वस्तात पडते यावरच पुढचा भाव ठरेल. टिटो आणि त्यांच्या पत्नी अकिको यांनी २०२२ मध्ये याच यानातून चंद्राला वळसा घालायचं बुकिंग जाहीर केलं, रक्कम सांगितली नाही.

तिकिटाशिवायचे खर्चही आहेत. टिटोंना मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत कित्येक महिने ट्रेनिंग घ्यावं लागलं होतं, मेडिकल टेस्ट वेगळ्या, आणि चंद्रमोहिमेसाठी यापेक्षा कमी तयारी चालणार नाही. पोट नोकरीवर असलेल्या माणसाने तिकीट कुणी भेट दिलं तरी या महिन्यांचा बुडालेला पगार धरूनच हिशोब करावा.