दोन टॉर्च की दोन कागद? उजेड मिसळणं आणि रंग मिसळणं

लाल आणि हिरवा एकत्र केला की काय होतं? रंगपेटीतले मिसळा, मळकट तपकिरी होतो. उजेड मिसळा, स्वच्छ पिवळा दिसतो. चित्रकलेच्या तासाला आपण पहिलंच उत्तर शिकतो, त्यामुळे दुसऱ्यावर मुलांचा विश्वास बसत नाही. सांगून पटत नाही, दाखवावंच लागतं.

त्यासाठी स्टेशनरीच्या दुकानातून लाल आणि हिरवा जिलेटिन कागद आणा. अंधाऱ्या खोलीत एका टॉर्चवर लाल, दुसऱ्यावर हिरवा लावा आणि दोन्ही झोत पांढऱ्या भिंतीवर एकाच जागी पाडा: पिवळा. आता तेच दोन्ही कागद एकावर एक ठेवून एकाच टॉर्चवर लावा. भिंत जवळपास अंधारते. कागद तेच, टॉर्च त्याच, आणि निकाल अगदी उलटा. कारण लाल कागद उजेडाला रंग देत नाही, लाल सोडून बाकीचं अडवतो. जे उरतं ते हिरवा कागद अडवतो. रंगपेटीतही हेच चालतं. प्रत्येक रंग पांढऱ्या उजेडातला काही भाग खातो. दोन टॉर्चच्या बाबतीत मात्र दोन्हींचे उजेड डोळ्यात एकत्र पोचतात. तिथे काही वजा होत नाही, भर पडते.

सांगलीकरांना हे नाटकातून ओळखीचं असायला हवं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे नाटक उभं केलं, त्या गावात मुलांना एकदा तरी रंगमंचावरचे स्पॉट नीट बघायला सांगावं असं मला मनापासून वाटतं. एका स्पॉटपुढे जिलेटिन असतं, ती वजाबाकी. दोन रंगांचे स्पॉट नटाच्या अंगावर एकत्र येतात, ती बेरीज.

या दोन्हींचं नातं सर्वात सुंदर दिसतं ते विज्ञान केंद्रातल्या ‘रंगीत सावल्यां’मध्ये. फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्स्प्लोरेटोरियम’ सुरू केलं आणि तिथे कलाकारांनाही प्रयोग मांडायला बोलावलं. रंगीत सावल्या हा त्याच वळणाचा खेळ. लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे थोड्या थोड्या अंतरावर ठेवून एकाच भिंतीवर पाडतात. भिंत पांढरट दिसते. मूल मध्ये हात धरतं आणि सावल्या उमटतात त्या काळ्या नव्हे, तर आकाशी, राणी आणि पिवळ्या! लाल उजेड हातानं अडला तिथे हिरवा आणि निळा उरतो, म्हणून आकाशी. हिरवा अडला तिथे राणी, निळा अडला तिथे पिवळी. हात भिंतीजवळ नेला की सावल्या एकमेकींवर चढतात आणि लाल, हिरवा, निळा, शेवटी काळाही दिसतो.

आता घरातली रंगीत लग्नपत्रिका भिंगाखाली धरा. छपाईचे ठिपके साधारण या सावल्यांच्याच तीन रंगांचे, आकाशी, राणी आणि पिवळा, जोडीला काळा. हा योगायोग नाही. आकाशी शाई लाल उजेड खाते, म्हणजे सावलीत हात जे काम करतो तेच कागदावर शाई करते.

घरी तिसरी टॉर्च निळी करायची असेल तर ती भिंतीच्या थोडी जवळ ठेवा, निळ्या कागदातून उजेड कमी येतो. आणि लाल-हिरवा कागद पातळ असेल तर दुहेरी घडी घाला.