स्टोरी टाकली, पण गोष्ट सांगितली का?

‘रोज चार-पाच स्टोऱ्या टाकतो, तरी काही फरक पडत नाही. हे स्टोरीटेलिंग आपल्या धंद्यात चालत नाही.’ छोटा व्यवसाय करणाऱ्यांच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी लगेच उलटा प्रश्न विचारतो: स्टोरी टाकली हे कळलं, पण गोष्ट कोणती सांगितली? बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून हा घोळ. आपल्याकडे ‘गोष्ट’ हा धडधडीत वेगळा शब्द असताना आपण तो घोळ उसना का घ्यावा, कोण जाणे.

स्टोरी म्हणजे ॲपमधला एक कप्पा. त्यात ठेवलेला फोटो किंवा व्हिडिओ 24 तासांनी दिसेनासा होतो. ही कल्पना 2013 मध्ये स्नॅपचॅटने आणली, 2016 मध्ये इन्स्टाग्रामने उचलली आणि 2017 मध्ये व्हॉट्सॲपच्या स्टेटसलाही तेच रूप मिळालं. ट्विटरनेही 2020 मध्ये ‘फ्लीट्स’ नावाने प्रयत्न केला आणि वर्षभराच्या आत, ऑगस्ट 2021 मध्ये, गाशा गुंडाळला. कप्पे असे येतात आणि जातात. आत काय ठेवायचं, याबद्दल कप्प्याचं काहीच म्हणणं नसतं. ‘आज दुकान बंद’ ही पाटीही स्टोरीच, आणि सुविचारही.

गोष्टीला मात्र स्वतःचा आकार असतो. कुणाला तरी काहीतरी हवं असतं, मध्ये अडचण येते, कुणीतरी निर्णय घेतं आणि शेवटी सुरुवातीची परिस्थिती तशीच राहत नाही. यातली अडचण काढली की उरते ती बातमी. ‘आमच्या नव्या बॅगा आल्या आहेत’ ही बातमी आहे. कितीही छान संगीत लावलं तरी ती बातमीच राहते.

समजा, एक बाई घरी कापडी बॅगा शिवून विकतात. त्यांची नेहमीची स्टोरी अशी: तीन बॅगांचा फोटो, ‘नवे रंग उपलब्ध, मेसेज करा’. यात चूक काहीच नाही. पण त्यांच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काहीतरी आहे. एका गिऱ्हाइकाची बॅग तिसऱ्याच महिन्यात परत आली, पट्ट्याची शिवण उसवलेली. बाईंना वाटलं दोरा कच्चा होता, म्हणून जाड दोऱ्याने शिवून दिली. ती पुन्हा उसवली. मग त्यांनी ती बॅग स्वतः आठवडाभर खांद्यावर वागवली, तेव्हा कळलं की दोष दोऱ्यात नाही, कडीत आहे. कडीची आतली कड धारदार होती आणि प्रत्येक हेलकाव्याला दोरा थोडाथोडा कापला जात होता. आता त्या प्रत्येक कडीवरून आतून बोट फिरवून पाहतात आणि मगच पट्टा ओवतात.

ही गोष्ट. ‘उत्तम दर्जा’ हे शब्द त्यात एकदाही आले नाहीत, तरी वाचणारा पुढच्या वेळी कुठलीही बॅग घेताना कडीच्या आत बोट घालून बघणार. आणि कबूल केलेली चूक हाच तिचा कणा आहे. चूक लपवली असती तर सांगायला काही उरलंच नसतं. (‘मला लहानपणापासून शिवणाची आवड होती’ इथून सुरू होणाऱ्या पोस्ट मी सहसा पुढे वाचत नाही. आवड सगळ्यांनाच असते.)

गोष्टीने वस्तूची किंमत खरंच बदलते का? 2009 मध्ये रॉब वॉकर आणि जोशुआ ग्लेन या दोन अमेरिकी लेखकांनी ‘सिग्निफिकंट ऑब्जेक्ट्स’ नावाचा एक प्रयोग केला. जुन्या बाजारातल्या शंभरेक किरकोळ वस्तू त्यांनी सुमारे 129 डॉलरना घेतल्या, लेखकांकडून प्रत्येक वस्तूवर एक गोष्ट लिहून घेतली आणि त्या गोष्टींसकट वस्तू ईबेवर लिलावाला ठेवल्या. मिळाले 3,600 डॉलरांहून थोडे जास्त. हे उदाहरण विक्रीच्या कार्यशाळांमध्ये फार आवडीने सांगितलं जातं, पण एक तपशील गाळून: त्या गोष्टी काल्पनिक आहेत हे खरेदीदारांपासून लपवलेलं नव्हतं. तुमच्या गिऱ्हाइकाला मात्र तुमची गोष्ट खरीच वाटणार, त्यामुळे ती खरीच असायला हवी. आणि त्यात गिऱ्हाईक येत असेल तर आधी त्याला विचारायला हवं.

आता स्टोरी दिसते कुणाला आणि गोष्ट कुणाला, ते पाहू. माझ्या मते खरा फरक इथे आहे. व्हॉट्सॲप स्टेटस साधारणपणे अशाच लोकांना दिसतं, ज्यांचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा नंबर त्यांच्याकडे सेव्ह आहे. इन्स्टाग्रामची स्टोरीही मुख्यतः फॉलोअरच बघतात. म्हणजे स्टोरी ओळखीच्यांसाठी. तिथे ‘उद्या सुट्टी’, ‘दोनच नग उरले’, ‘हा रंग की तो?’ असा पोल, हे सगळं शोभतं, कारण तुम्ही कोण हे त्यांना ठाऊक आहे. अनोळखी माणसाला यातलं काहीच कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती पोस्ट किंवा रील, विशेषतः कुणाला तरी ती पुढे पाठवावीशी वाटली तर. ‘दोनच नग उरले’ कोण कुणाला पाठवणार? कडीचा किस्सा पाठवतील.

म्हणून मोजमापही वेगळं. स्टोरीला उत्तरं किती आली, पोलवर किती जणांनी बोट ठेवलं हे त्याच दिवशी पाहावं. गोष्टीची पोस्ट किती जणांनी सेव्ह केली, किती जणांनी पाठवली हे पंधरा दिवसांनी, महिन्याने पाहावं. पहिल्या संध्याकाळी लाइक कमी म्हणून पोस्ट काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. मला ते पेरलेलं बी उकरून बघण्यासारखं वाटतं.

दोन्हींचा एकमेकींना उपयोग मात्र होतो. इन्स्टाग्रामवर आर्काइव्ह चालू असेल तर जुन्या स्टोऱ्या 24 तासांनंतर तुमच्यापुरत्या तिथे साठतात. महिन्याअखेरीस त्या चाळल्या की उसवलेल्या पट्ट्याचा फोटो एका तारखेला सापडतो, खांद्यावरच्या बॅगेचा दुसऱ्या तारखेला. कच्चा माल तयारच असतो, फक्त ओवायचा राहिलेला. लिहिताना अडचण पहिल्याच ओळीत आणा, कारण फीडमध्ये कॅप्शनच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं ‘आणखी’मागे दडतं. ‘नमस्कार मंडळी’ने त्यातली निम्मी जागा जाते. ‘तीच बॅग दुसऱ्यांदा परत आली’ एवढं पुरे.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक साधारणपणे दाबून उघडत नाही, स्टोरीवरच्या लिंकच्या स्टिकरची उघडते. तेव्हा गोष्ट पोस्टमध्ये सांगा, दुसऱ्या दिवशी ती पोस्ट स्टोरीत आणा आणि ऑर्डरची लिंक तिथे चिकटवा.