तो वेळ आणि ती वेळ

'किती वेळ लागेल?' असं गिऱ्हाईक विचारतं. आपण सांगतो, 'दोन दिवसांचं काम आहे.' गिऱ्हाईकाला ऐकू येतं, 'दोन दिवसांत देतो.' या 'चं' आणि 'त'च्या मधल्या फटीत किती फ्रीलान्सरांच्या झोपा गेल्या असतील, कोण जाणे. मग हीच मंडळी वेळेच्या नियोजनाचे व्हिडिओ बघतात, रंगीबेरंगी प्लॅनर विकत घेतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा तेच वाक्य ऐकवतात.

मीही ऐकवलंय. मी भाषांतरं करते. सुरुवातीच्या वर्षांत एका संस्थेच्या अहवालाबद्दल बुधवारी फोनवर असंच 'दोन दिवसांचं काम' म्हणून मोकळी झाले. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन, छापखाना खोळंबलाय म्हणून. मी तोवर फाइल उघडलीसुद्धा नव्हती, कारण माझ्या हिशेबात ते दोन दिवस पुढच्या मंगळवारी सुरू होणार होते. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

खरं तर आपल्याला हा घोळ व्हायलाच नको. मराठीत 'वेळ' दोन लिंगांत चालतो. तो वेळ म्हणजे कालावधी: वेळ गेला, वेळ मिळाला नाही. ती वेळ म्हणजे नेमकी घटका: वेळ झाली, वेळ चुकली, गाडीची वेळ. थोडक्यात वाचलेल्या माणसाबद्दल 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' म्हणतो, तेव्हा 'वेळ आला नव्हता' असं चुकूनही तोंडातून जात नाही. धंद्याचं बोलताना मात्र तो आणि ती एकाच पोत्यात.

'तो वेळ' तुम्हाला माहीत आहेच, त्यावर फार शाई घालवत नाही. आपलं काम किती तासांचं, हे एकदा वहीत प्रत्यक्ष नोंदून काढायचं. माझा हिशेब सोपा: भाषांतर तासाला ३०० शब्द, तपासणी तासाला साधारण १,०००. दर ठरवायचा तो याच तासांवरून. मोजायला मोबाइलचं ॲप असो, वही असो की २५-२५ मिनिटांचे टप्पे मोजणारं पोमोडोरो घड्याळ, मला त्या वादात रस नाही.

ठेच लागते ती 'ती वेळ' सांगताना. पिठाच्या गिरणीत पाच किलो दळण दळायला काही मिनिटं पुरतात. पण सणाच्या आदल्या दिवशी डबा ठेवलात, तर गिरणीवाला 'पाच मिनिटं' म्हणत नाही. पुढे लागलेले डबे बघतो आणि 'संध्याकाळी सातला या' म्हणतो. दिवाळीच्या तोंडावर ब्लाउज टाका. शिवायला काही तासच लागतात, पण टेलर तारीख देतो पंधरा दिवसांनंतरची, तीही कपाटातला ढीग बघून. या दोघांना जे कळतं, ते लॅपटॉप घेऊन बसलेल्या आपल्याला कळत नाही, कारण आपली रांग डोळ्यांना दिसत नाही. ती चार मेलांत, दोन व्हॉट्सॲप संदेशांत आणि एका 'हो, बघते'मध्ये विखुरलेली असते.

एक हिशेब मांडूनच दाखवते. ९,००० शब्दांचं काम आलं. भाषांतराचे ३० तास, तपासणीचे ९, एक तास इकडचा तिकडचा, झाले ४०. ऑफिसच्या सवयीने डोकं लगेच म्हणतं, आठ तासांचे पाच दिवस, म्हणजे आज सोमवार तर शुक्रवारी संध्याकाळी दिलं. थांबा. घरी बसून दिवसाला खरं, डोकं ठिकाणावर असलेलं काम होतं पाच तास. बाकीचे फोन, बिलं, थकलेल्या पैशांची आठवण आणि सिलिंडरवाला यांत जातात. म्हणजे आठ दिवस. हातात आधीचं १५ तासांचं काम आहे: सोमवार, मंगळवार, बुधवार गेले. दर गुरुवारी एका जुन्या गिऱ्हाइकाचं ठरलेलं काम असतं, तोही गेला. शनिवार-रविवार मी काम धरत नाही. (तुम्ही धरत असाल तर धरा, पण मग आजारी कधी पडणार तेही ठरवून ठेवा.) नव्या कामाला हात लागतो शुक्रवारी. पुढच्या आठवड्यात चार दिवस मिळतात, त्यापुढच्या आठवड्यात सोमवार, मंगळवार, बुधवार. आठ दिवस भरले. गुरुवार पुन्हा ठरलेल्या कामाचा, म्हणून मी शब्द देते त्या शुक्रवारचा. ४० तासांचं काम, मिळणार एकोणिसाव्या दिवशी. दोन्ही आकडे बरोबर आहेत. गिऱ्हाइकाला सांगायचा तो दुसराच.

यावर हमखास येणारा शहाणपणा: 'दोन्ही कामं थोडी थोडी पुढे ढकलते, म्हणजे दोघंही खूश.' तीन-तीन दिवसांची दोन कामं घ्या. एकामागून एक केलीत तर पहिलं तिसऱ्या दिवशी जातं, दुसरं सहाव्या. आलटून पालटून एकेक दिवस केलीत तर पहिलं पाचव्या दिवशी जातं आणि दुसरं सहाव्याच दिवशी. दुसऱ्याला काडीचा फायदा नाही, पहिल्याचे दोन दिवस फुकट गेले. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांच्या गणितातला एक नियम सिद्ध केला. उरकण्याचा वेग तोच असेल, तर जितकी कामं एकदम उघडी, तितकं प्रत्येक काम सरासरीने जास्त रखडतं, असा त्याचा आपल्यापुरता अर्थ. गिरणीवाला दोन डब्यांचं दळण मूठ-मूठ आलटून पालटून घालत नाही, याचं कारण हेच.

आता राखीव दिवसांविषयी. अंदाज चुकणारच. मानसशास्त्रज्ञ ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली छापलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज आला सुमारे ३४ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले ५५च्या वर. तेव्हा राखीव हवाच, पण तो तासांत मिसळायचा नाही. ४० तासांच्या कामाला मनातल्या मनात ५५ म्हटलंत की ते ५५ खाऊनच उठतं. काम मिळेल तेवढ्या वेळात पसरतं, हे इंग्रज लेखक पार्किन्सन १९५५ सालीच लिहून गेलेत. शिवाय खरा आकडा गेला की पुढचा दरही चुकतो. ४०चे ४०च ठेवा आणि मोकळा दिवस शेवटी, तारखेला जोडा, वरच्या हिशेबातल्या शुक्रवारसारखा.

आणि कृपा करून 'ईओडी' (एंड ऑफ डे, म्हणजे दिवसअखेरपर्यंत) म्हणू नका. कुणाचा दिवस? न्यूयॉर्क आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. तिथल्या गिऱ्हाइकाचा दिवस संपतो तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट झालेली असते. 'उद्यापर्यंत' त्याहून वाईट. 'शुक्रवार, संध्याकाळी सहा, भारतीय वेळ' एवढं लिहायला बोटं झिजत नाहीत.

तातडीच्या कामाचे जास्त पैसे का, असं विचारणाऱ्यांचाही घोळ हाच. 'काम तेवढंच आहे ना?' हो, तेवढंच आहे. तास वाढत नाहीत, पुढचे डबे बाजूला सरकवावे लागतात, आणि ते डबे दुसऱ्यांचे असतात. म्हणून कुणी एकोणिसाव्या दिवसाच्या आधी मागितलं, की मी आधी पैशांचं बोलत नाही. रांगेतल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला फोन करते: 'तुमचं आठवडाभर पुढे ढकललं तर चालेल का?' ते हो म्हणाले तर दीडपट दर. नाही म्हणाले तर मग दुप्पट देऊ केलेत तरी तो शुक्रवारच.