बाराशे कॅलरींचा हट्ट सोडा

‘वजन उतरवायचं तर पुरुषांनीही दिवसाला 1200 कॅलरीच खाव्यात’ हे गोव्यात म्हापशापासून काणकोणापर्यंत ऐकू येतं. ते चूक आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार, बैठं काम करणाऱ्या 65 किलो वजनाच्या पुरुषाला साधारण 2110 कॅलरी लागतात. त्यातून 500 कमी केल्या तरी सोळाशे उरतात. फार खाली गेलात तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

माझा भाऊ महिनाभर दुपारी नुसत्या पेजेवर राहिला आणि रात्री भुकेनं काजूचा डबा उघडू लागला. मूठभर काजू म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी, जवळपास वाटीभर भाताएवढ्या! भात सोडू नका, हुमणातली (खोबऱ्याच्या आमटीतली) मासळी तर नाहीच. खोबरं आणि तेल मात्र मोजून घाला. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.